उघड्या कॅबिनेटची पूजा

कुंकवाचा ठिपका कार्डावर नव्हता. कॉम्प्युटरमधल्या त्या कार्डाची उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा असतो, त्या ठोकळ्याच्या कडेला होता. कोरडे कुंकू, ज्वारीच्या दाण्याएवढे. वीज ज्या रेषांतून फिरते, त्यांच्यापासून ते बोटभर लांब होते. एवढे आधी नोंदवतो, कारण त्या दिवशी दुकानात कुणीही, अगदी मीसुद्धा, एवढे नीट पाहिले नाही.

साल २००३. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घर मखमलाबादच्या पुढे मळ्यात होते. वडील झेंडू आणि शेवंती लावत, थोडी मेथी-कोथिंबीर, आणि माल पहाटे मोटारसायकलवर बांधून नाशिकच्या फुलबाजारात नेत. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू.

मला खेळ खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा होता. घरी मी ‘अभ्यासासाठी’ असे सांगितले होते. खरे कारण कॉलेज रोडवरचे एक सायबर कॅफे होते. तिथे दहा मशीन एकमेकांना जोडलेली होती आणि पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या पडद्यावर एकमेकांवर गोळ्या झाडत. मी वाईट खेळत नव्हतो, पण तासाचे पैसे मोजून सराव होत नाही. शिवाय मला मखमलाबादची बस गाठायची असे आणि ते सगळ्यांना माहीत होते.

“मळेवाल्याला आधी मारा रे,” पाठीमागून कुणीतरी सांगायचे. “त्याची बस सुटेल.”

“मरू दे त्याला. मेला की लवकर पोचेल घरी.”

मीही हसायचो. बसमध्ये बसल्यावर हसू जायचे.

तयार कंपनीचा कॉम्प्युटर घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळी नाशिकमध्ये बहुतेकांच्या घरी असायचा तसा माझाही ‘असेंबल्ड’, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेला. मी तो दहा महिन्यांत जोडला. पंधरा इंची मॉनिटर बंद पडलेल्या एका कॅफेतून आणला, त्याच्या कोपऱ्यात खेळातल्या धावफलकाची पुसट आकृती कायमची जळून बसली होती. कॅबिनेटची एक बाजू चेपलेली, म्हणून स्वस्त. मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे, मेमरीची एक पट्टी एका वर्गमित्राने स्वतःची वाढवली तेव्हा त्याच्याकडून. एवढ्यावर पत्र टाइप करता येत होते, गाणी ऐकता येत होती. खेळ सुरू केला की मात्र एक चौकट उघडायची. तिचा अर्थ असा की, या मशीनमध्ये चित्र काढण्याची ताकद नाही. त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. तो शेवटचा भाग होता आणि सगळ्यांत महाग.

त्या वर्षी गणपतीच्या दहा दिवसांत मी रोज पहाटे नानांबरोबर फुलबाजारात गेलो. पाट्या उतरवल्या, वाटे लावले, भाव सांगितले. अनंत चतुर्दशीनंतर नानांनी पैसे माझ्या हातात दिले. “हे तुझ्या अंगमेहनतीचे. काय घ्यायचं ते घे. पण पुन्हा पुन्हा दुरुस्तीचं नको.”

कार्ड मी कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानातून घेतले. पक्के बिल घेतले तर कर लागायचा, म्हणून कच्ची पावती. वॉरंटी म्हणजे कार्डाच्या मागे चिकटवलेला नखाएवढा स्टिकर, त्यावर दुकानाचा शिक्का आणि महिना. खोके नव्हते. कार्ड पारदर्शक पिशवीत होते.

“खोकं?” मी विचारले.

“खोक्यावर गेम खेळणार का?” दुकानदार म्हणाला. “लॉटमध्ये असंच येतं. मी बसलोय ना इथं. कुठं पळून जातोय?”

कार्ड घरी बसवले आणि खेळ सुरू झाला. भिंतींवर सावल्या पडत होत्या, पाण्यात आभाळ दिसत होते. नाना दारात उभे राहून पाच मिनिटे बघत होते. “हा अभ्यास?” त्यांनी विचारले. मी खेळत राहिलो.

सहाव्या दिवशी पडद्यावर रंगीत चौकोन आले. हिरवे, जांभळे, चिमटीत मावतील एवढे. मशीन बंद करून सुरू केले की जायचे, तासाभराने परत यायचे. मी प्रॅक्टिकलच्या जर्नलमागे वार आणि वेळ टिपून ठेवली. दहाव्या दिवशी दुकानात जाऊन सांगितले.

“कुठं राहता?” दुकानदाराने विचारले.

“मखमलाबादच्या पुढे.”

“गावात?”

“मळ्यात.”

“मग बरोबर आहे. मळ्यात मोटारी चालतात. मोटार सुरू झाली की व्होल्टेज झोपतं. कार्डाचा काय दोष? स्टॅबिलायझर लावा.”

स्टॅबिलायझरही त्याच्याकडेच होता. मी तो घेतला. चौकोन येतच राहिले. कार्ड घेऊन दोन आठवडे झाले होते आणि खंडेनवमीला अजून आठवडा होता. हा क्रम महत्त्वाचा आहे. मला तो तेव्हाही माहीत होता आणि लिहूनही ठेवलेला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. फूलवाल्यांसाठी हा वर्षातला सर्वांत धावपळीचा दिवस, कारण दुसऱ्या दिवशी दसरा आणि सगळ्या शहराला झेंडू हवा असतो. नाना बाजारातून परतले तेव्हा दुपार कलली होती. अंघोळ करून त्यांनी पूजा मांडली. खुरपी, विळे, फवारणीचा पंप, मोटारसायकल. मग विहिरीवर जाऊन मोटारीची पूजा. परत आल्यावर ते माझ्या खोलीत आले, मागे आई ताट घेऊन.

“ह्याचीपण करू,” ते म्हणाले. “यंत्रच हे ना.”

मी कॅबिनेटवर जागा करून दिली. नानांनी पत्र्यावर बोट टेकवले आणि थांबले. “ह्याचं झाकण निघतं का?”

“निघतं. कशाला?”

“मोटारीला आपण पेटीला कुंकू लावतो का? मेन पाडायचा, स्टार्टर उघडायचा, आत लावायचं. काम आतलं करतं. बाहेरच्या पत्र्याला लावून काय उपयोग?”

त्यांच्या बोलण्यात मला काहीच वावगे वाटले नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर आणला. चार स्क्रू मी काढले, झाकण मी काढले. नानांनी आधी भिंतीवरचे बटण बंद आहे का ते पाहिले, मग प्लग स्वतः उपसला. विहिरीवर ते असेच करत. हात धोतराच्या सोग्याला पुसले. वाकून आत बघत म्हणाले, “ह्यात मुख्य कोणतं?”

मी कार्डाकडे बोट दाखवले. मी.

त्यांनी करंगळीशेजारच्या बोटाने हळद, मग कुंकू, एकेक ठिपका ठोकळ्याच्या कडेला लावला. अक्षता आत टाकल्या नाहीत, पंख्यात जातील म्हणून. फूल झाकणावर ठेवायला सांगितले. “पाणी नको शिंपडू,” ते आईला म्हणाले. “विजेचं हे.”

त्यानंतर मशीन अकरा दिवस चालले, रंगीत चौकोनांसह. बाराव्या दिवशी बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला.

दुकानात जाताना नाना बरोबर होते. त्यांना शेवंतीचे पैसे घ्यायला शहरात जायचेच होते, आणि मोटारसायकलवर कॅबिनेट धरून बसायला मागे कुणीतरी हवे होते. दुकानात चार-पाच गिऱ्हाइके होती, माझ्याच वयाची. त्यांतल्या दोघांना मी कॅफेमुळे ओळखत होतो. दुकानदाराने झाकण काढले, टॉर्च मारली आणि एकदम मागे सरकला, नाटकात सरकतात तसा.

“या, या. दर्शन घ्या,” तो गिऱ्हाइकांना म्हणाला. “आत देव बसवलाय.”

पोरे वाकून बघू लागली. कुणीतरी फिसकन हसले.

“कुणी केलं हे?”

“मी,” नाना म्हणाले. “नवमीला पूजा केली.”

“काका, हे काय डिझेल इंजिन आहे? इलेक्ट्रॉनिक आयटम आहे हा. आत धुळीचा कण चालत नाही, तुम्ही हळद-कुंकू टाकलंत. नारळ कुठं फोडला? हार्ड डिस्कवर?”

आता सगळेच हसले.

“टाकलं नाय. टेकवलं,” नाना म्हणाले. “लाइट काढून.”

“टेकवा नाहीतर ओता. कार्ड गेलं. वॉरंटीत बसत नाही. आता गोदावरीत विसर्जन करा.”

या वेळी मी सांगायला हवे होते की, चौकोन नवमीच्या पंधरा दिवस आधीपासून येत होते. की याच काउंटरवर मी तक्रार केली होती आणि याच माणसाने मला स्टॅबिलायझर विकला होता. की झाकण मी उघडले, बोट मी दाखवले. आणि दुकानदाराच्या कोपराजवळ, ज्या कॉम्प्युटरवर तो पावत्या करत होता, त्याच्या मॉनिटरवर हळद-कुंकवाची पाच बोटे उमटलेली होती आणि वर झेंडूचा वाळलेला हार होता. तो हार मी पाहिला. फूल आमच्या भागातले, लहान, गच्च पाकळ्यांचे. हे सगळे डोळ्यांसमोर असताना मी नानांकडे वळून म्हणालो, “कळत नाही तर हात कशाला लावता?”

हे मी मोठ्याने म्हणालो, पोरांना ऐकू जाईल असे. मला त्या क्षणी नानांच्या बाजूला दिसायचे नव्हते. काउंटरच्या त्या बाजूला, ज्यांना कळते त्यांच्यात दिसायचे होते. 

नानांनी झाकण उचलून बसवले, पण खाचेत बसेना, म्हणून दोन हातांनी दाबून धरले आणि कॅबिनेट तसेच छातीशी घेऊन बाहेर गेले. सदऱ्याला फुलांचा ओला वास होता. दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “बोला, तुम्हाला काय हवंय? हवन-सामग्री नाही ठेवत आपण.”

त्यानंतर नाना माझ्या खोलीत येईनासे झाले. काही सांगायचे असले की उंबऱ्याबाहेरून सांगत. एकदा आईने त्यांना खोलीतला दिवा लावायला सांगितला, तर म्हणाले, “त्याला सांग. तिथं त्याचं सामान हे.” दिवाळीत पाडव्यालाही मोटारीची पूजा असते. मी विहिरीवर गेलो होतो. नानांनी मेन पाडला नाही, स्टार्टरची पेटी उघडली नाही. वरच्या पत्र्याला कुंकू लावले आणि निघाले. मला कळायला लागल्यापासून दर वर्षी त्यांना मी ती पेटी उघडताना पाहिले होते. ती मोटार आतल्या कुंकवासकट पंधरा-सोळा वर्षे विहीर उपसत होती.

दिवाळीनंतर मी कार्ड घेऊन पंचवटीत गेलो. नानांसाठी गेलो असे लिहिता आले असते, पण मी खेळासाठी गेलो. नवे घ्यायला पैसे नव्हते आणि भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक टीव्ही दुरुस्त करणारे गृहस्थ कॉम्प्युटरचे भागही बघतात असे कळले होते. पन्नाशीचे होते, चष्म्याला सुतळी बांधलेली. त्यांनी कार्ड उलटे केले, सुलटे केले, आणि मला काही विचारण्याआधी म्हणाले, “हे परत आलं?”

“परत म्हणजे?”

त्यांनी कडेचा एक ठिपका दाखवला. गुलाबी, मुगाएवढा. मी तो रंगाचा डाग समजत होतो. “आमच्या मंडळींच्या नेलपॉलिशचा. मी हात लावलेल्या प्रत्येक वस्तूवर लावतो. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की तुम्हीच बिघडवलं, तर निदान माझं कोणतं ते मला कळावं.”

“तुम्ही हे कधी दुरुस्त केलं?”

“पावसाळ्यात. गणपतीच्या आधी. दहा-बारा कार्डं आली होती एकदम.” त्यांनी दुकानाचे नाव सांगितले. तेच होते. “चिपचे पाय सुटलेले होते, पुन्हा डाग दिले. त्यांना म्हटलं होतं, गरम झालं की परत सुटतील. महिना काढेल, जास्त नाही.”

मी ठोकळ्यावरचे कुंकू दाखवले. “यानं काही झालं असेल?”

त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिले. मग टेबलावरच्या डाग द्यायच्या यंत्राकडे बोट केले. त्याच्या लाकडी मुठीवर नवमीचे कुंकू होते. मीटरवर होते. आतले भाग उघडे पडलेल्या टीव्हीवरही होते.

“कुणी सांगितलं तुला हे?”

मी सांगितले.

“हे लिहून द्याल?” मी विचारले.

“नाही. त्यांच्याच कामावर चूल पेटते माझी. पण ठिपका दाखव त्याला. तो ओळखतो.”

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, एकटा. दुकानात गर्दी होती. मी कार्ड काउंटरवर उलटे ठेवले आणि गुलाबी ठिपक्यावर बोट ठेवले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले नाही, फक्त बोटाकडे पाहिले. “आत ये,” तो म्हणाला.

आत गोदाम होते. खोक्यांची चळत. त्याने वरून एक नवे कार्ड काढले. सीलबंद खोक्यात, माझ्या कार्डापेक्षा एक पायरी वरचे.

“हे घे. विषय संपला.”

“वडिलांना सांगा,” मी म्हणालो.

“काय सांगू?”

“कार्ड आधीच दुरुस्त केलेलं होतं. कुंकवानं काही झालं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात त्यांना.”

“तूही बोललास,” तो म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नाही. “मी गिऱ्हाइकाला बोललो. तू बापाला बोललास. आता मी त्यांना बोलावून सांगायचं, मग तू चारचौघांत सांगत फिरायचं, माझा धंदा बसायचा. कार्ड हवंय की भाषण?”

त्याने खोके पुढे धरले होते. मी ते घेतले.

वीस वर्षांत मी या प्रसंगावर पुष्कळ विचार केला आहे आणि त्या माणसाबद्दलचा राग कमी झालेला नाही. त्याने दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकला. तो महिनाभरात जाणार हे त्याला माहीत होते आणि तो गेल्यावर खापर फोडण्यासाठी समोर एक धोतरवाला माणूस आयता उभा होता. आधी मळ्यातले व्होल्टेज, मग मळ्यातली पूजा. आम्ही मळ्यातून आलो नसतो तर त्याला दुसरे काही सापडले असते, हे मला मान्य आहे. पण त्याला शोधावे लागले नाही. आणि मी त्या गोदामात सौदा केला. खोके खाली ठेवून मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर एक वाक्य बोलू शकलो असतो. बाहेरच्या गर्दीत त्या दिवशी हसलेल्या पोरांपैकी एक जण होता. तो म्हणाला, “झालं का काम?” मी हो म्हणालो.

घरी आलो तेव्हा नाना ओट्यावर शेवंतीच्या काड्या निवडत होते.

“नाना, कार्ड आधीपासूनच खराब होतं. पूजेनं नाही गेलं.”

ते काड्या निवडत राहिले. “दुकानदार म्हणला का?”

“नाही. पंचवटीत एक टीव्हीवाले आहेत, त्यांनी सांगितलं. त्यांनीच ते आधी दुरुस्त केलं होतं. दुकानदारानं नवं कार्ड दिलं, पैसे न घेता. चूक त्याची नसती तर दिलं असतं का?”

“भला माणूस म्हणायचा,” नाना म्हणाले. “आपली चूक असून दिलं.”

“नाना, आपली चूक नव्हती.”

“बरं.” त्यांनी मान हलवली, लहान मुलासमोर हलवतात तशी. “तू नको मनाला लावून घेऊ. झालं ते झालं.”

मी त्यांची समजूत काढतो आहे असे त्यांना वाटले. मी जर्नलचे मागचे पान दाखवले, वार आणि वेळ. त्यांनी ते हातात घेतले, पाहिले आणि परत दिले. ज्याने चारचौघांत दोष दिला, त्याच्याच तोंडून घरच्या ओट्यावर, कुणी नसताना, सुटका मिळत होती. तिच्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

पुढच्या खंडेनवमीला मी सकाळीच चारही स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवले, प्लग उपसून ठेवला. दुपारी नाना ताट घेऊन आले, वर्षभरानंतर पहिल्यांदा खोलीच्या आत. उघड्या कॅबिनेटपासून दोन पावलांवर उभे राहिले.

“लावा ना,” मी म्हणालो. “मुख्य तेच आहे.”

“नको. चालतंय ना नीट.”

“काही होत नाही.”

त्यांनी वाकून टेबलाच्या पायाला कुंकू लावले आणि गेले. आईने टेबलावर एक फूल ठेवले, मशीनपासून लांब.

ते दुसरे कार्ड सहा वर्षे चालले. एकदाही बिघडले नाही, पडद्यावर एकही चौकोन आला नाही. मी त्यावर हवे ते सगळे खेळ खेळलो. आणि ते नीट चालत राहिले, हाच नानांच्या दृष्टीने पुरावा होता. आतून कुंकू लावलेले कार्ड महिनाभरात गेले, न लावलेले सहा वर्षे टिकले. 

नंतर मळ्याशेजारच्या एकाने मुलासाठी कॉम्प्युटर आणला, तेव्हा नवमीला तो पूजेचे विचारायला आमच्याकडे आला. मी आतल्या खोलीत होतो.

“झाकण उघडून लावू का?” त्याने विचारले. “मोटारीला लावतो तसं?”

“आजिबात नाय,” नाना म्हणाले. “ह्याला आतून लावायचं नसतं. आमचं पहिलं मीच घालवलं.”

ते हसत सांगत होते. शेजारीही हसला. माझ्यासमोर खेळ चालू होता. मी उठून बाहेर गेलो नाही.